शंभरपर्यंत म्हणते, मग चार चमचे का आणता येत नाहीत?

पाहुण्यांसमोर 'एक ते शंभर म्हणून दाखव' म्हटलं की माझी भाची एका दमात सुटायची. तिलाच एकदा चार चमचे आणायला सांगितले, तर मूठ भरून आली. मोजायला लावलं तर बोट एका वेगाने, तोंड दुसऱ्याच. सहा चमच्यांचे नऊ झाले. आकडे पाठ झाले की मोजणं आलं, असं आपण धरून चालतो ना, तीच ही चूक.

उपाय पानं घेताना सापडतो. प्रत्येक ताटात एक वाटी, प्रत्येकाला एक पापड. कमी पडला तर मूल स्वतःच ओरडतं. मोजताना वस्तू उचलून बाजूला ठेवू द्या, म्हणजे एकच दोनदा मोजली जात नाही. झाल्यावर विचारा, 'मग किती वाट्या?' उत्तराऐवजी पुन्हा 'एक, दोन...' सुरू झालं, तर शेवटचा आकडा सगळ्यांचा मिळून असतो हे अजून उमगलेलं नाही. सगळ्या वाट्यांवरून हात फिरवून 'या सगळ्या पाच' एवढंच म्हणा आणि वाढायला घ्या.

दुसरी चूक आपल्या भाषेत दडलेली, बोलणी मात्र पोरं खातात. पंचवीस म्हटलं की मूल ५२ लिहितं, कारण कानावर आधी पाच पडतो. एकोणतीसचे ३९ होतात, कारण ऐकू येतं ते 'तीस'. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. मला विचाराल तर घरी दोन्ही म्हणावं, बिघडत काहीच नाही. आइस्क्रीमच्या काड्यांच्या दहा-दहाच्या तीन जुड्या रबर लावून मांडा आणि त्यातली एकच काडी मागा. एक रबर सोडावंच लागतं. उरतात दोन जुड्या आणि नऊ सुट्या. एकोणतीसमधलं 'एक उणे' हाताला लागतं ते इथे. (मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही, असं कोणी विचारलं तर सरळ विषय बदला.)

सापशिडीत सोंगटी ७ वर, दान पडलं ३, आणि मूल उभ्या घरालाच 'एक' म्हणून ९ वर थांबतं. 'चुकलास' म्हणू नका. जिन्यावर न्या, पाय उचलून वरच्या पायरीवर ठेवला की मगच 'एक'.

पैशांची घाई मात्र नको. एकेक रुपयाची दोन नाणी पाचाच्या एका नाण्यापेक्षा जास्तच वाटतात, दिसायला ती दोन आहेत ना! त्यात आता सगळं मोबाइलवर, पैसे जाताना मुलांना दिसतच नाहीत. वस्तू नीट मोजता येऊ लागल्या की पाचाच्या नाण्याशेजारी एकेकची पाच मांडा, मग कोपऱ्यावरच्या दुकानात सुटे आणायला पाठवा, आपण दारात उभं राहून. भाची पहिल्यांदा चारच घेऊन आली. उंबऱ्यात थांबली, तळहातावर पुन्हा एकदा मोजली आणि काही न बोलता परत फिरली.