बांबूच्या जीनोमवर काम करताय? या चुका टाळा

मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांचे बांबूच्या जीनोमवरचे, म्हणजे त्याच्या संपूर्ण डीएनएवरचे, प्रबंध गेली काही वर्षं माझ्याकडे तपासायला येतात. 2017 मध्ये वन कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून बांबू वगळला गेला, लातूरकडे बांधाबांधावर लागवड दिसू लागली, सिक्वेन्सिंगही (डीएनएची अक्षरं वाचून घेणं) परवडू लागलं. विषयाला बरे दिवस आले याचा मला मनापासून आनंद आहे. पण चुका त्याच त्या येतात, आणि त्यातल्या दोन तर संपूर्ण काम वाया घालवतात.

पहिली चूक म्हणजे बेट न ओळखता पानं तोडणं. बांबूचं बेट कंदातून वाढतं. वर चाळीस काठ्या दिसल्या तरी खाली झाड एकच असतं. एका विद्यार्थ्याने किनवटकडून मानवेल या बांबूचे चोवीस नमुने आणले. लेबलं सुवाच्य, प्रत्येक जागेचं जीपीएस टिपलेलं. डेटा आला तर चोवीसही नमुने जवळजवळ सारखे. त्याने प्रबंधात लिहिलं, 'मराठवाड्यातल्या मानवेलची जनुकीय विविधता धोक्याच्या पातळीवर घटली आहे.' मला ते पटेना. जानेवारीत आम्ही दोघं त्याच शेतावर गेलो. बांधाला ओळीने सहा बेटं होती. शेतमालक आबा तुरीच्या काडाच्या ढिगापाशी बसले होते. मी विचारलं, ही बेटं कुणी लावली? ते म्हणाले, "ताई, समदी एकाच घरची हायेत. माझ्या बापानं वढ्याच्या कडंचं बेट फोडून कंद लावले हिथं." म्हणजे चोवीस नमुने, सहा बेटं आणि झाड एक. सहा महिने आणि सिक्वेन्सिंगचे पैसे गेले. आबांना हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला असता तर पाच मिनिटांत उत्तर मिळालं असतं. पण मुलांना शेतात थांबून बोलायला वेळ नसतो, संध्याकाळची एसटी गाठायची असते.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. रोप कुठून आणलं हे कळल्याशिवाय पान तोडायचं नाही. एका बेटाचं एकच पान घ्यायचं. मात्र एका बेटाच्या दोन वेगळ्या काठ्यांची पानं मुद्दाम दोन वेगळ्या नावांनी पाठवायची. त्या दोघांत जो फरक दिसेल तो हाताचा आणि मशीनचा. तेवढ्याच फरकात बसणारी बाकीची जोडी दिसली की ती एकाच झाडाची समजायची. टिश्यू कल्चरच्या रोपांची लागवड असेल तर अख्खं शेत एका आईचं असू शकतं, तिथे दहा नमुने घेऊन उपयोग नाही.

दुसरी चूक अधिक खोल आहे. मोसो या चिनी बांबूचा जीनोम 2013 मध्ये आला, म्हणून सगळे आपल्या बांबूचे रीड, म्हणजे सिक्वेन्सिंगमधून आलेले डीएनएचे वाचलेले तुकडे, त्यावरच बसवतात. मोसो समशीतोष्ण बांबू आहे. त्यात 48 गुणसूत्रं आणि सी व डी असे दोन उपजीनोम, म्हणजे वेगवेगळ्या पूर्वजांकडून आलेले गुणसूत्रांचे गट, असतात. आपला मानवेल उष्णकटिबंधातला हेक्झाप्लॉइड (गुणसूत्रांचे सहा संच असलेला), त्याच्यात ए, बी आणि सी असे तीन उपजीनोम. या दोघांत सामाईक एकटा सी. मग मानवेलच्या ए आणि बी मधल्या रीडनी जायचं कुठे? ते त्यातल्या त्यात सारख्या दिसणाऱ्या जागेवर जाऊन बसतात. जिथे या तीन भावंडांत एका अक्षराचा फरक आहे, तिथे सॉफ्टवेअर 'हेटेरोझायगस', म्हणजे एकाच जागी दोन वेगळी अक्षरं, असं लिहून मोकळं होतं. नात्यात नसलेली, वेगवेगळ्या जंगलांतली झाडं एकाच जागी सगळी हेटेरोझायगस दिसली आणि डेप्थही (त्या जागेवर बसलेल्या रीडची संख्या) नेहमीपेक्षा बरीच जास्त असली, तर हा घोटाळा झालाय असं समजा. त्या जागा मी सरळ गाळून टाकते. त्याहून बरं म्हणजे मानवेलच्याच प्रजातीगटातल्या हेक्झाप्लॉइडचा, 2022 मध्ये आलेला डेंड्रोकॅलॅमस लॅटिफ्लोरसचा जीनोम वापरावा.

हाच गोंधळ एकेका जनुकावर काम करतानाही होतो. भातात एखाद्या जनुकाची एक प्रत असते तिथे मानवेलमध्ये तीन निघू शकतात. पीसीआरने जनुकाच्या प्रती वाढवल्यानंतर क्रोमॅटोग्रामवर (अक्षरं दाखवणाऱ्या आलेखावर) एकावर एक चढलेली दोन-दोन शिखरं दिसली की मुलं रिअ‍ॅक्शन बिघडली म्हणून फाइल टाकून देतात. अहो, तीच तर बातमी आहे! क्लोनिंग करा, प्रती वेगळ्या करा. बांबूच्या काष्ठमयतेचा इतिहास या प्रतींमध्येच आहे. गवतासारखे मऊ बांबू डिप्लॉइड (गुणसूत्रांचे दोन संच), आणि काष्ठमय बांबू सगळे जुन्या संकरांतून आलेले पॉलीप्लॉइड (दोनाहून जास्त संच). कोणती प्रत कोणत्या उपजीनोमची हे न पाहता वंशवृक्ष काढला तर तो चुकीच्या भावंडांना जोडतो.

क्लोरोप्लास्टच्या (पानातल्या हरितकणांच्या) डीएनएवरून काढलेल्या वंशवृक्षावर सगळी भिस्त ठेवू नका. तो फक्त आईकडचं सांगतो, संकराची दुसरी बाजू त्यात येतच नाही.

पानं कोवळी घ्या, सकाळी घ्या, लगेच ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये टाका. मे महिन्यात प्लास्टिकच्या पिशवीत पाच तास प्रवास केलेल्या जून पानाचा डीएनए तपकिरी आणि चिकट निघतो. लांब रीड हवे असतील तर व्होर्टेक्सला (नळी जोरात घुसळणाऱ्या यंत्राला) हात लावू नका, डीएनए तुटतो. डीएनए किती आहे हे मोजणाऱ्या नॅनोड्रॉप यंत्राचा आकडा छान आला तरी डीएनए अखंड आहे का हे पाहायला जेल चालवाच.

प्रजातीचं नाव नर्सरीच्या पावतीवरून लिहू नका. फुलं मिळत नसली तरी कोंबाचं आवरण मिळतं. त्याचे फोटो काढा, आवरण वाळवून नमुन्यासोबत ठेवा.

आणि फुलोऱ्याबद्दल. फुललेल्या बेटाचा आरएनए (कोणती जनुकं चालू आहेत हे दाखवणारा रेणू) काढायचा, न फुललेल्याशी ताडून पाहायचा आणि जी जनुकं वेगळी दिसतील ती फुलोऱ्याची म्हणून जाहीर करायची, ही घाई दरवर्षी दिसते. मानवेल किंवा काटेरी बांबू सामूहिक फुलतो तेव्हा तो मरणाच्याही वाटेवर असतो. पानं पिवळी पडत असतात, साठवलेलं अन्न बियांकडे चाललेलं असतं. त्या यादीत अर्धी जनुकं म्हातारपणाची असू शकतात. फुलोरा दिसायच्या आधीपासून, कळ्या फुटताना आणि बी धरल्यावर, अशा तीन-चार टप्प्यांवर त्याच बेटाचे नमुने घ्या. त्यासाठी गावातल्या बुरुडांना आधीच सांगून ठेवा. बेटाची चाल बदलली की सगळ्यात आधी त्यांना कळतं.