व्हॉल्यूम कमी आलाय? आधी सॅम्पल कसं दिलं ते आठवा

माझ्या वीर्य तपासणीच्या पहिल्या रिपोर्टवर व्हॉल्यूमसमोर, म्हणजे वीर्य किती आलं त्यासमोर, ०.८ एमएल होतं आणि शेजारी खाली तोंड केलेला बाण. दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "सगळं डबीत पडलं का हो?" नव्हतं पडलं. लॅबचा संडास, कडी अर्धवट लागणारी, बाहेरून कोणीतरी दार वाजवतंय, त्या गडबडीत सुरुवातीचंच फरशीवर गेलं आणि मी लाजेखातर काही न बोलता डबी देऊन आलो. आता शुक्राणू सगळ्यात जास्त त्या सुरुवातीच्या भागातच असतात, म्हणजे व्हॉल्यूम तर गेलाच वर काउंटपण, म्हणजे शुक्राणूंची संख्या, पडलेला दिसला. नीट दिल्यावर दुसऱ्या वेळी २.१ आला.

तर आधीच्या वेळेपासून २ ते ७ दिवसांचा गॅप ठेवा. कालच संबंध आले असतील तर माल कमीच येणार, आणि भरपूर साठवून जाऊ म्हणून पंधरा दिवस थांबलात तर हालचाल करणारे शुक्राणू कमी दिसू शकतात. लघवी करून घ्या, हात धुवून कोरडे करा, तेल थुंकी साबण काही लावू नका, आणि साधा कंडोम वापरून त्यातून ओतायचं तर अजिबात नाही. डबीचं झाकण आधीच उघडून ठेवा, ऐनवेळी फिरवत बसायला वेळ नसतो. सांडलं तर काउंटरवर सरळ सांगा, त्यांना रोजचंच आहे. लॅबने घरून आणायला परवानगी दिली तर अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोचवा, डबी शर्टाच्या आत अंगाला लागून ठेवा, गाडीच्या डिकीत नको.

आता रिपोर्ट. डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटना) २०२१ च्या मॅन्युअलमध्ये व्हॉल्यूमची खालची मर्यादा १.४ एमएल आहे, पण ती पास-नापासची रेघ नाही. ज्यांच्या बायकोला वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांपैकी ५ टक्के या आकड्याच्या खालीच होते. आणि व्हॉल्यूम वेगळा, काउंट वेगळा, हे डोक्यात बसवा. वीर्यातलं बहुतेक पाणी शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींचं असतं, शुक्राणूंचा वाटा जेमतेम २ ते ५ टक्के, म्हणून तर नसबंदी झालेल्या माणसालाही बघून फरक कळत नाही. त्यामुळे घट्ट-पातळ बघून स्वतःच निदान करत बसू नका.

काही आठवड्यांनी पुन्हा टेस्ट करा, तेव्हाही कमी आला तर मात्र युरोलॉजिस्ट किंवा अँड्रॉलॉजिस्ट (पुरुषांच्या प्रजननाचा डॉक्टर) गाठा, एसटी स्टँडच्या भिंतीवरचा 'शर्तिया इलाज'वाला नाही. जुनी शुगर, प्रोस्टेटचं ऑपरेशन किंवा लघवीच्या त्रासासाठी देतात ती टॅम्सुलोसिनसारखी गोळी असेल तर वीर्य उलटं मूत्राशयात जाऊ शकतं, मग टेस्टनंतर लगेचची लघवी तपासली की त्यात शुक्राणू सापडतात. रिपोर्टमध्ये पीएच कमी (वीर्य आम्लाकडे झुकलेलं) आणि फ्रुक्टोज (वीर्यातली साखर) नाही असं आलं तर वीर्याची नळी बंद आहे किंवा जन्मापासूनच नाही अशी शंका घेतात आणि सोनोग्राफी करतात. टेस्टोस्टेरॉन कमी असलं तरी व्हॉल्यूम घटतो.

पण म्हणून जिमवाल्या मित्राकडून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेऊ नका रे बाबांनो! बाहेरून हार्मोन आलं की मेंदू वृषणांना काम थांबवायचा निरोप देतो, बॉडी दिसते झकास आणि काउंट शून्यावरही जाऊ शकतो. आधी घेतलं असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका, बायकोसमोर बोलायला अवघड वाटत असेल तर दोन मिनिटं एकटे आत जा.

तंबाखू-सिगारेट सोडली, मांडीवरचा लॅपटॉप खाली ठेवला, तरी पुढच्या आठवड्यात फरक शोधू नका. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, त्यामुळे उपचाराचा हिशोब तीन महिन्यांनीच होतो. मागच्या दोन-तीन महिन्यांत डेंग्यू, टायफॉइड असा जोरदार ताप येऊन गेला असेल तर तेही सांगा, काउंट त्यानेही पडतो. आणि या काळात बायकोच्या टेस्ट थांबवू नका, तिचं वय ३५ च्या पुढे असेल तर वर्षभर वाट न बघता सहा महिन्यांतच दोघं मिळून जा, दोघांच्या फाइली एकाच पिशवीत ठेवून.