जॉन फेही ऐकताना या चुका टाळा

अमेरिकन गिटारवादक जॉन फेहीची गिटार ऐकून ‘यात काय एवढं?’ म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, कशावर ऐकलंत? उत्तर बहुतेक वेळा ‘मोबाइलवर’ असं असतं. फोनच्या स्पीकरमधून खर्ज नीट येतच नाही आणि फेहीचं निम्मं संगीत खर्जाच्या तारांवर, म्हणजे अंगठ्यात आहे. साधा हेडफोन लावला तरी बराच फरक पडतो.

मग दुसरी चूक होते. कान थेट वरच्या धूनकडे जातो. त्याची ‘सनफ्लॉवर रिव्हर ब्लूज’ ही रचना लावा आणि पहिल्या फेरीत धून ऐकायचीच नाही असं ठरवा. अंगठा जाड तारांवर आलटूनपालटून ठोके देत राहतो, एकदा खाली, एकदा वर, न थांबता. तो कानात बसला की पुन्हा पहिल्यापासून लावा. आता वरचा स्वर कधी ठोक्याच्या जरा आधी येतो, कधी ठोका टळून गेल्यावर, हे कळायला लागतं. सगळी गंमत त्या मागेपुढे होण्यात आहे. ही करामत अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या जुन्या ब्लूज वादकांची, ब्लूज म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत. फेहीने तिच्यातून गाणं काढून टाकलं आणि एकट्या गिटारवर लांबलचक रचना उभ्या केल्या. त्यामुळे ‘वेग कुठाय?’ असं विचारू नका. वेगच हवा असेल तर त्याच्याच टाकोमा या रेकॉर्ड कंपनीने १९६९ मध्ये काढलेली गिटारवादक लिओ कॉट्केची तबकडी ऐका.

आपल्याकडचे कानसेन आणखी एका ठिकाणी फसतात. ‘अ रागा कॉल्ड पॅट’ हे नाव वाचून ते आलाप शोधतात, वादी-संवादी शोधतात आणि वैतागतात. राग तिथे नावापुरताच आहे. फेहीच्या कानावर ब्लूजबरोबर हंगेरियन संगीतकार बार्टोकचेही संस्कार होते, त्या बाजूने ऐका.

कव्हरवरच्या मजकुरावर तर अजिबात विश्वास ठेवू नका. १९५९ मध्ये त्याने स्वतःच्या खर्चाने पहिल्या तबकडीच्या १०० प्रती काढल्या. एका बाजूला स्वतःचं नाव, दुसऱ्या बाजूला ‘ब्लाइंड जो डेथ’ नावाचा ब्लूजवाला. असा कुणी नव्हताच! पण म्हणून गडी नुसता थट्टेखोर समजू नका. जुना ब्लूज गायक चार्ली पॅटन याच्यावर त्याने विद्यापीठात रीतसर प्रबंध लिहिला. १९६३ मध्ये बुका व्हाइटचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. व्हाइटच्या एका जुन्या गाण्यात अ‍ॅबरडीन, मिसिसिपी या गावाचा उल्लेख होता, तेवढ्यावर फेहीने ‘बुका व्हाइट, जुने ब्लूज गायक’ असं लिहून त्या गावच्या पोस्टात पत्र धाडलं. ते पोहोचलं.

तबकडी निवडताना साल बघा. ‘ब्लाइंड जो डेथ’ या त्याच पहिल्या तबकडीतल्या रचना त्याने १९६४ आणि १९६७ मध्ये पुन्हा ध्वनिमुद्रित केल्या. नवख्याने १९६७ची घ्यावी, ती स्टिरिओत आहे. ‘सिटी ऑफ रेफ्यूज’ (१९९७) मात्र सुरुवातीला नको. त्या काळातला फेही गोंगाटाशी खेळतो, आधीची ओळख नसेल तर माणूस तिथूनच पळून जाईल. नाताळगीतांची ‘द न्यू पॉसिबिलिटी’ (१९६८) बरेच जण सणासुदीचा माल म्हणून बाजूला सारतात. माझ्या मते तीच सगळ्यात सोपी वाट. कॉन्व्हेंटमध्ये गेलेल्यांना किंवा गोव्यात नाताळ काढलेल्यांना ‘जॉय टू द वर्ल्ड’ची चाल आधीच ठाऊक असते, त्यामुळे फेहीने तिचं काय केलं ते लगेच ऐकू येतं.

स्वतः वाजवून बघणाऱ्यांची अडचण वेगळी. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये ‘सनफ्लॉवर’ जमत नाही, कारण ती ओपन सी मध्ये आहे. जाड तारेपासून सी, जी, सी, जी, सी, ई. सहावी (सगळ्यात जाड), पाचवी आणि चौथी खाली उतरवा, दुसरी अर्धा स्वर चढवा, तिसरी आणि पहिली तशाच राहू द्या. सहावी ढिली पडून खरखरत असेल तर त्या जागी थोडी जाड तार घाला. तरीही लय तुटत असेल तर धून आठवडाभर बाजूला ठेवा आणि अंगठा एकटाच चालवा. शेजारच्याशी गप्पा मारतानाही तो चुकेनासा झाला की मग पहिल्या तारेला हात लावा.