मे महिन्यातली दोन कामं : सकाळी करवंदं, दुपारी गोधडी

करवंदं आणि गोधडी यांचा मोसम एकच, अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंत. पाऊस पडला की करवंदं पचपचीत होतात, आत अळ्या सापडायला लागतात. आणि पाऊस लागला की धुतलेली गोधडी आठ-आठ दिवस वाळत नाही. म्हणून संगमेश्वर तालुक्यातल्या माझ्या माहेरी ही दोन्ही कामं आम्ही एकाच दिवसात बसवतो : सकाळी सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, दुपारी पडवीत. मी डोंबिवलीहून जाते, भाऊ-वहिनी पुण्याहून येतात, भाचरं असतात, आई तर तिथेच असते. सगळ्यांना पुरून उरेल एवढं काम या दोन गोष्टींत आहे. ज्यांच्या घरी मे महिन्यात चार माणसं जमतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी करवंदं.

ऊन चढायच्या आत, साडेसहा-सातला निघा. नऊनंतर कातळ तापतो आणि तोडलेली करवंदंही टोपलीतच आंबायला लागतात. पायात बूट हवेतच, चपला नकोत. रत्नागिरीच्या सड्यांवर फुरसं फार. दगडाखाली, पाचोळ्यात ते वेटोळं करून पडलेलं असतं आणि मातीच्या रंगात मिसळून जातं. जाळीत हात घालण्याआधी काठीने बुंधा झोडपा, पायाखालचा पाचोळा हलवा, मगच पुढे व्हा. मुलांना हे एकदा सांगून भागत नाही, दर जाळीपाशी सांगा. शिवाय जाळीवर वाकलेल्या झाडाची पानं चिकटवून केलेलं हुमल्यांचं, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्यांचं, घरटं दिसलं तर ती जाळी सोडून द्या. दुसऱ्या शंभर आहेत.

जागा कुणाची आहे हे विचारून घ्या. सडा मोकळा दिसला तरी त्याला मालक असतो. कर्जत-कसारा-लोणावळ्याच्या बाजूला जात असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा : तिथल्या ठाकर-कातकरी बायका पहाटे उठून करवंदं तोडतात आणि द्रोण भरून विकतात, त्यावर त्यांचे मे महिन्यातले चार पैसे अवलंबून असतात. तिथे स्वतः ओरबाडण्यापेक्षा त्यांच्याकडून विकत घ्या, आणि घासाघीस करू नका.

पिकलेलं करवंद नुसतं काळं असून चालत नाही. बोट लावलं की ते देठापासून सुटून हातात आलं पाहिजे. ओढावं लागलं आणि देठाला पांढरा चीक आला, तर ते अजून दोन दिवसांचं आहे. लालसर असेल तर चार-पाच दिवसांचं. करवंदीचे काटे टणक आणि टोकदार असतात, काही दुभंगलेलेही, म्हणून हात आत-बाहेर करताना ओरखडतो. उपाय सोपा आहे. आकडीने फांदी आपल्याकडे ओढून एकाने धरायची, दुसऱ्याने खाली उलटी छत्री उघडून धरायची आणि तिसऱ्याने वरच्या वर तोडायचं. पिकलेली पाच-सहा फांदी हलल्याबरोबरच टपाटप छत्रीत पडतात. छत्री धरायचं काम सगळ्यात लहान मुलाला द्या, त्याच्यासारखी निष्ठेने कुणी धरत नाही.

फांद्या मोडू नका. वरची, हात न पोचणारी करवंदं बुलबुलांची. भरायला वेताची परडी किंवा पसरट टोपली घ्या आणि चार बोटांपेक्षा जाड थर करू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घरी पोचेपर्यंत लगदा होतो. परडी कमी पडली तर कुड्याचं किंवा पळसाचं पान दुमडून द्रोण करा आणि करवंदीच्याच काट्याने टाचा. तोडता तोडता मुलं कोंबडा-कोंबडी खेळणारच : करवंद दातांनी अर्धं करायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. तोडण्याआधी ओळखायचं आणि चुकलं तर ते करवंद दुसऱ्याचं. माझी आईसुद्धा अजून खेळते, आणि तिचं बहुतेक वेळा बरोबर येतं.

घरी आल्यावर खायची तेवढीच धुवा, तीही मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून. ओठांना चीक चिकटला असेल तर खोबरेल लावा, पाण्याने तो निघत नाही.

उरलेल्यांचा जाम घालते मी. एक किलो पिकलेली करवंदं वाटीभर पाण्यात मऊ शिजवायची, चाळणीतून घोटून गाळायची म्हणजे बिया मागे राहतात. जितक्या वाट्या गर निघेल त्याच्या पाऊणपट साखर घालायची आणि ढवळत राहायचं. करवंदात आंबटपणाही भरपूर आणि जाम घट्ट करणारं पेक्टिनही भरपूर, त्यामुळे लिंबू, जिलेटिन काहीच लागत नाही. गार ताटलीत थेंब टाकून ताटली तिरकी करा, थेंब धावला नाही की गॅस बंद. चुकून तोडलेली हिरवी करवंदं टाकू नका. ती ठेचून मिठाच्या पाण्यातून काढली की चीक जातो, मग ओलं खोबरं, हिरवी मिरची, मीठ आणि गुळाचा खडा घालून चटणी वाटा.

आता गोधडी. पण त्याआधी सगळ्यांचे हात. खोबरेल चोळून, मग साबणाने, नखांसकट धुवायचे. करवंदाचा जांभळा डाग सुती कापडावरून जात नाही आणि चीक लागला तर तिथे सुई अडकते.

कापड जुनं, वापरून मऊ झालेलं, सुतीच घ्या. पॉलिस्टर घाम शोषत नाही, शिवताना घसरतं. साडीला खळ असेल तर आदल्या दिवशी गरम पाण्यात भिजवून काढा. साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट. तिचे सात-सात फुटांचे दोन तुकडे काढा, चार फूट उरतं ते बाजूला ठेवा. पन्हा पावणेचार फूट असतो, एका माणसाच्या गोधडीला तेवढा पुरतो. दोन साड्यांचे चार थर पावसाळ्याला पुष्कळ झाले, थंडीसाठी तीन साड्यांचे सहा. घरात नऊवारी लुगडं असेल तर ते सत्तावीस फुटांचं, त्यातून तीन थर निघतात. विरलेलं कापड आत घाला, धड आणि रंगाने तुम्हाला आवडणारं वर-खाली. कुणाची साडी वर घ्यायची यावर आमच्याकडे बराच वेळ जातो. तो जाऊ द्या. त्याच वेळात आई सांगते की हिरवं लुगडं कोणाच्या बारशाचं आणि चौकडीची साडी कोणत्या यात्रेतली.

सतरंजीवर थर एकावर एक अंथरा. दोघांनी समोरासमोरचे कोपरे धरून ताणायचं, मग दुसरे दोघे. सुरकुती एकही नको, कारण आतल्या थराची सुरकुती नंतर दिसत नाही पण पाठीला रुतते. कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, काय असेल ते वजन ठेवा. मग मधून बाहेर जात, वीत-वीत अंतरावर मोठे कच्चे टाके घाला. हा भाग कंटाळवाणा आहे म्हणून लोक टाळतात, आणि मग कडेकडून शिवत आत आलं की सगळा झोल मध्ये गोळा होतो. कच्चे टाके घातल्याशिवाय पुढे जाऊच नका. शेवटी चारी कडा अर्धा इंच आत दुमडून टाचून घ्या.

दोरा जाड सुती, सुई मोठ्या नेढ्याची. दोरा हातभरच घ्या. लांब घेतला की गुंततो. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढला तर सरसर चालतो. गाठ दोन थरांच्या मध्ये ओढून लपवा. उजव्या हातात सुई, डावा हात गोधडीखाली : सुईचं टोक खालच्या बोटाला लागलं की समजायचं, सगळे थर धरले गेले. लागलं नाही तर खालचा थर सुटलाय. मधल्या बोटात अंगुस्तान घाला, चार थरांतून सुई ढकलताना बोटाला भोक पडतं.

टाका धावदोऱ्याचा, तांदळाच्या दाण्याएवढा. पहिली ओळ कडेपासून अंगठाभर आत, सबंध गोधडीला वळसा. पुढची त्याच्या आत दोन बोटांवर, आणि असं आत आत मध्यापर्यंत. चार बाजूंना चार जणांनी बसायचं आणि सगळ्यांनी एकाच दिशेने शिवायचं, कोपरा आला की आपली सुई तिथेच टोचून पुढच्याच्या हाती द्यायची. आई चष्म्याशिवाय बोटांनीच ओळ धरते. वहिनी बोलत बोलत शिवते आणि तिचे टाके सगळ्यांत सारखे. भाचरांना आतल्या ओळी द्या, कडा नकोत. त्यांचे टाके लांब-आखूड होणार, ओळ वाकडी जाणार. ते उसवू नका. मी हे ठामपणे सांगते, कारण मुलं झोपल्यावर गुपचूप उसवणारी मोठी माणसं मी पाहिली आहेत, आणि सकाळी मुलांना ते लगेच कळतं. कापड धरून ठेवायला वाकडा टाकाही पुरतो.

मशीनवर शिवायचंच असेल तर फक्त कडा शिवा. सगळी गोधडी मशीनवर मारली की ती ताठ होते आणि बारीक दाट टाक्यांमुळे जुनं कापड त्याच रेषेवर फाटतं. एका दुपारीत गोधडी होत नाही. रोज दुपारचे दोन-अडीच तास, चार माणसं असं धरलं तर आठवड्याभरात होते.

मध्यावर शेवटचा वळसा पूर्ण होण्याआधी आमच्याकडे भाकरीचा कपटा आत सारतात आणि मग ते तोंड शिवतात. गोधडी उपाशी राहू नये, असं आई म्हणते. हा मान घरातल्या सर्वांत धाकट्याचा.

कच्चे टाके काढा, गोधडी साध्या साबणाच्या पाण्यात धुवा, पिळू नका. कुंपणावर टाकून दोन दिवस दोन्ही बाजूंनी ऊन दाखवा. पहिल्या धुण्यात दोरा आटतो, त्याने थर एकमेकांना घट्ट धरतात. बाजूला ठेवलेले साड्यांचे चार-चार फुटांचे तुकडे विसरू नका : दोन एकावर एक ठेवून तसेच शिवले की तान्ह्या बाळाचं दुपटं होतं, आणि ते शिकणाऱ्या मुलाला पहिलं एकट्याने शिवायला अगदी बेताचं काम आहे.