नंबरावर जाऊ नका, बॅटरी धरा: तोफखाना रेजिमेंटची वंशावळ, चिन्हं आणि सन्मान कसे नोंदवावेत

सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत गणवेशातला एक जुना फोटो, पत्र्याच्या ट्रंकेत दोन-तीन पदकं आणि 'आजोबा तोफखान्यात होते' एवढं एक वाक्य उरलेलं असतं. त्यावरून गावच्या स्मारकासाठी किंवा घराच्या नोंदवहीसाठी रेजिमेंटचा इतिहास लिहायला बसलं की पहिल्याच पानावर घोळ होतो. पायदळात पलटणीचं नाव पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. तोफखान्यात नाव बदलतं, नंबर बदलतो आणि तोफ तर बदलतेच. टिकते ती बॅटरी, म्हणजे काही तोफांची तुकडी. म्हणून वंशावळ रेजिमेंटची लिहायची असली, तरी धागा बॅटरीचा धरायचा.

आधी रचना समजून घ्या. भारतीय लष्कराच्या सगळ्या तोफखान्याला मिळून 'रेजिमेंट ऑफ आर्टिलरी' म्हणतात आणि त्यातल्या एकेका युनिटलाही 'रेजिमेंट' म्हणतात. उदाहरणार्थ, 57 फील्ड रेजिमेंट. अशा युनिटमध्ये साधारण तोफांच्या 3 बॅटऱ्या (पापा, क्यूबेक, रोमिओ, म्हणजे पी, क्यू, आर) आणि प्रत्येकीत 6 तोफा, म्हणजे एकूण 18 तोफा असतात. नोंद करताना या दोन 'रेजिमेंट' वेगळ्या ठेवा. बोधवाक्य आणि टोपीचा बिल्ला पहिल्या अर्थाच्या रेजिमेंटचे, म्हणजे सगळ्या गनर्सचे (तोफखान्यातल्या जवानांचे) सामाईक असतात. क्रमांक आणि सन्मान दुसरीचे.

उदाहरण घ्यायचं तर आपल्याकडचंच घेऊ. 28 सप्टेंबर 1827 रोजी मुंबई इलाख्याच्या फौजेत बॉम्बे फूट आर्टिलरीच्या गोलंदाज बटालियनची 8 वी कंपनी उभी राहिली. (गोलंदाज म्हणजे तोफ चालवणारा. क्रिकेटने हा शब्द पळवला त्याला फार काळ लोटला नाही.) हीच पुढची 5 (बॉम्बे) माउंटन बॅटरी. स्वातंत्र्यानंतर ती 57 फील्ड रेजिमेंटचा भाग झाली आणि तिच्याच उभारणीचा दिवस आज सगळा तोफखाना 'गनर्स डे' म्हणून पाळतो. म्हणजे रेजिमेंटचा क्रमांक विसाव्या शतकातला, पण तिच्या पोटातली बॅटरी 1827 ची. वंशावळीत '57 फील्ड रेजिमेंट, स्थापना 1827' असं लिहिलंत तर ते चूक. 'स्थापना' या एका रकान्याऐवजी 'रेजिमेंटची उभारणी' आणि 'सर्वांत जुन्या बॅटरीची उभारणी' असे दोन रकाने करा.

आता नंबरांचा गुंता. 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी देशी तोफखाना जवळजवळ मोडून टाकला. मोजके अपवाद आणि खेचरांवरच्या पहाडी (माउंटन) बॅटऱ्या तेवढ्या राहिल्या. 1903 मध्ये सरसेनापती किचनरच्या फेररचनेत या पहाडी बॅटऱ्यांच्या क्रमांकात 20 मिळवले गेले. 1 (कोहाट) ची 21 (कोहाट) झाली, 5 (बॉम्बे) ची 25 झाली, 6 (बॉम्बे) ची 26 (जेकब्स). 1920 च्या दशकात त्यांना 'पॅक बॅटरी' म्हणू लागले आणि क्रमांक 101 पासून पुढे गेले. 25 ची 105, 26 ची 106. त्याच दशकाच्या शेवटी शंभर वजा होऊन जुना क्रमांक परत आला. तेव्हा जुन्या कागदावर 5, 25 किंवा 105 यांपैकी काहीही दिसलं तरी ती एकच बॅटरी असू शकते. मात्र त्या कागदाची तारीख पाहिल्याशिवाय तसं ठरवू नका. कारण दुसऱ्या महायुद्धात तोफखाना झपाट्याने वाढला आणि माउंटन, फील्ड, अँटी-टँक, विमानविरोधी अशा प्रत्येक प्रकाराची आपापली क्रमांकमालिका चालू होती. नुसता '25' हा आकडा काहीच सिद्ध करत नाही.

'ब्रिगेड' हा शब्दही असाच फसवतो. 15 जानेवारी 1935 रोजी बंगळूरला 'ए फील्ड ब्रिगेड' उभी राहिली, ती देशी जवानांची पहिली आधुनिक फील्ड तोफखाना तुकडी. ती आजच्या अर्थाने ब्रिगेड नव्हती. 1938 पर्यंत तोफखान्यात रेजिमेंटएवढ्या युनिटलाच ब्रिगेड म्हणत. त्यामुळे 'पणजोबा ब्रिगेडमध्ये होते, म्हणजे मोठ्या हुद्द्यावर असणार' हा तर्क टिकत नाही. त्याआधीच्या काळात कागदावर 'आर्टिलरी, ड्रायव्हर' असेल तर तो घोडे हाकणारा ड्रायव्हर असण्याची शक्यता जास्त आणि ती बॅटरी बहुधा गोऱ्या गनर्सची. अशा वेळी वंशावळ भारतीय तोफखान्याकडे न जाता ब्रिटिश रॉयल आर्टिलरीकडे जाते.

फाटे कुठे फुटतात तेही आधीच खुणेने दाखवून ठेवा. 1947 च्या फाळणीत बॅटऱ्या वाटल्या गेल्या. बॉम्बे बॅटरी इकडे राहिली, तर जेकब्स पाकिस्तानात गेली. मूळ मुंबई इलाख्याची असलेली आणि 25 एप्रिल 1915 ला गॅलिपोलीच्या अँझॅक किनाऱ्यावर उतरलेली ही बॅटरी, पण तिचा वारसा आज भारतीय रेजिमेंटच्या तक्त्यात लिहिता येत नाही. नोव्हेंबर 1986 मध्ये तोफखान्याच्या विमानी निरीक्षण तुकड्यांमधून आर्मी एव्हिएशन कोअर वेगळी झाली आणि 10 जानेवारी 1994 ला विमानविरोधी तोफखानाही स्वतंत्र झाला. त्यामुळे 1971 मध्ये विमानविरोधी रेजिमेंटमध्ये असलेला जवान कागदोपत्री गनरच असतो, पण त्याचं युनिट आज दुसऱ्या कोअरमध्ये सापडतं. 'ही रेजिमेंट तोफखान्याच्या यादीत नाही, म्हणजे बंद पडली' असा निष्कर्ष इथेच निघतो आणि तो चुकतो.

युनिटचा प्रकारही बदलतो. 25 पाउंडर तोफांची जागा 105 मिमी इंडियन फील्ड गनने घेतली, पुढे अनेक रेजिमेंटांना 155 मिमी तोफा मिळाल्या आणि 'फील्ड'ची 'मीडियम' झाली. अशा बदलात क्रमांक सहसा तोच राहतो. नोंदीत त्या-त्या काळचं नाव लिहा. 1965 ची हकिगत सांगताना आजचं नाव वापरू नका.

कागद जमवण्याचा क्रम असा ठेवा. सुरुवात डिस्चार्ज बुकापासून. त्यात आर्मी नंबर, भरतीची तारीख आणि बदल्यांची नोंद असते. ते नसेल तर पेन्शनची पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर). तीही नसेल तर पदकाची किनार भिंगाखाली, तिरप्या उजेडात वाचा. नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट किंवा शाखा किनारीवर कोरलेली असते. ब्रासो किंवा चिंच लावून घासू नका. घासलेल्या पदकाची आधी किनारच बोथट होते आणि मग वाचायला काही उरत नाही. आर्मी नंबर हाती आला की नाशिकरोड कॅम्पमधल्या आर्टिलरी रेकॉर्ड्सकडे लेखी अर्ज करा. सोबत नात्याचा पुरावा, मूळ गाव, तालुका आणि भरतीचं अंदाजे वर्ष द्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज पाठवला तर कागद नीट लागतात. नाव घरात म्हणतात तसं नव्हे, तर भरतीच्या कारकुनाने लिहिलं असेल तसं शोधावं लागतं. ज्ञानूचा 'ग्यानू' झालेला असतो, आडनाव गळून वडिलांचं नाव पुढे आलेलं असतं. शक्य ती तीन-चार रूपं अर्जातच लिहून द्या. महायुद्धात मृत्यू झाला असेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशनच्या नोंदी आधी पाहा. त्यात युनिट दिलेलं असतं. पुण्यात खडकीचं युद्धस्मारक त्यांच्याच देखरेखीखाली आहे.

संक्षेप वाचताना तीन ठिकाणी ठेच लागते. 'आयए' म्हणजे 1940 च्या दशकातल्या कागदावर इंडियन आर्टिलरी, इंडियन आर्मी नव्हे. 'आरआयए' म्हणजे रॉयल इंडियन आर्टिलरी. 'रॉयल' 1945 मध्ये मिळालं आणि प्रजासत्ताक झाल्यावर गेलं. पण 'आरआयएएससी' दिसलं तर तो तोफखाना नव्हे, ती रसद आणि वाहतूक पाहणारी आर्मी सर्व्हिस कोअर. शेवटची अक्षरं पुसट झालेल्या पदकावरून चांगल्या चांगल्यांनी मोटार-ट्रान्सपोर्टचा माणूस तोफेवर बसवला आहे.

आता चिन्हं. तोफखान्याच्या बिल्ल्यात चाकावरची तोफ मध्यभागी असते. इंग्रजी अमदानीत तिच्या डोक्यावर राजमुकुट होता आणि पट्टीवर लॅटिन 'उबीक्वे', म्हणजे सर्वत्र. प्रजासत्ताकानंतर मुकुटाच्या जागी तारा आला, वर 'सर्वत्र' आणि खाली 'इज्जत-ओ-इकबाल' असे शब्द आले. फोटोचा काळ ठरवायला हा मुकुट-तारा फरक सगळ्यात भरवशाचा, कारण बिल्ला लहान असला तरी त्याच्या माथ्याचा आकार ओळखू येतो. बोधवाक्य लिहिताना त्याचं मराठी करू नका. 'सर्वत्र मान-सन्मान' असं फलकावर लिहिलेलं वाचायला बरं वाटतं, पण ते बोधवाक्य नव्हे. तसंच '5 (बॉम्बे)' मधलं बॉम्बे सुधारून मुंबई करू नका. ते युनिटचं अधिकृत नाव आहे.

दंडावरचं रंगीत चिन्ह मात्र बहुतेक वेळा रेजिमेंटचं नसतंच. लाल गरुड 4 थ्या डिव्हिजनचा, काळं मांजर 17 व्या डिव्हिजनचं. तोफखाना रेजिमेंट ज्या डिव्हिजनखाली असेल तिचं चिन्ह लावते आणि बदली झाली की चिन्हही बदलतं. ते रेजिमेंटच्या चिन्हांत न लिहिता 'त्या काळची डिव्हिजन' या रकान्यात टाका. तिथे ते फार उपयोगी पडतं, कारण त्यावरून युद्धभूमी कळते.

महायुद्धातल्या गाड्यांच्या फोटोंत वर लाल, खाली निळा असा चौकोन आणि त्यात पांढरा आकडा दिसतो. लाल-निळा म्हणजे तोफखाना, एवढं बरोबर. पण 42, 43, 44 हे आकडे रेजिमेंटचे क्रमांक नव्हेत. पायदळ डिव्हिजनमधल्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या फील्ड रेजिमेंटची ती खूण आहे. '42 फील्ड रेजिमेंट' असा मथळा देऊन छापलेले असे फोटो कमी नाहीत. फोटोत खेचरं असतील तर पहाडी बॅटरी. 3.7 इंची हॉवित्झर सुटी करून 8 खेचरांवर लादत, तेव्हा खेचरांच्या पाठीवरचे वेगवेगळ्या आकाराचे लोखंडी भाग नीट पाहा.

सन्मानांच्या बाबतीत पायदळाचा नमुना समोर ठेवून काम करू नका. पायदळाच्या निशाणावर जिंकलेल्या लढायांची नावं असतात. गनर्सना असं निशाण नसतं. तोफ हेच त्यांचं निशाण, म्हणूनच तोफ शत्रूच्या हाती लागणं ही त्यांच्या लेखी निशाण गमावण्याइतकी नामुष्की. तोफखाना प्रत्येक लढाईत असतो, म्हणून एकेका लढाईचा युद्धसन्मान देण्याऐवजी 'सर्वत्र' हा एकच शब्द. विशेष कामगिरीसाठी मिळते ती 'ऑनर टायटल', म्हणजे लढाईच्या नावाचा किताब. 1999 च्या लढाईनंतर 108 मीडियम, 141 फील्ड आणि 197 फील्ड या रेजिमेंटना 'कारगिल' ही ऑनर टायटल मिळाली. तक्त्यात 'युद्धसन्मान' हा रकाना काढून टाका, 'ऑनर टायटल' करा आणि ती संपूर्ण रेजिमेंटला मिळाली की एका बॅटरीला, ते लिहा. ज्या पायदळ पलटणीला तोफांचा आधार दिला तिचा सन्मान आपल्या रेजिमेंटच्या नावावर चढवणं ही सर्रास होणारी चूक आहे. स्मरणिकांमधून ती पुढे पुढे उतरत जाते.

वैयक्तिक शौर्यपदकं वेगळ्या यादीत. भारतीय तोफखान्यातला एकमेव व्हिक्टोरिया क्रॉस हवालदार उमराव सिंग यांचा: 30 माउंटन रेजिमेंट, डिसेंबर 1944, ब्रह्मदेशातलं कलादान खोरं. 1967 च्या आधीची अशोक चक्रं वर्ग 1, 2, 3 अशी लिहिलेली असतात. वर्ग 2 म्हणजे आजचं कीर्ती चक्र, वर्ग 3 म्हणजे शौर्य चक्र. नुसतं 'अशोक चक्र' लिहून वर्ग गाळला, तर तिसऱ्या वर्गाचं पदक पहिल्या वर्गाचं होऊन बसतं. मोहिमेची पदकं युद्धभूमी सांगतात: 1965 साठी समर सेवा स्टार, 1971 साठी पूर्व आघाडीवर पूर्वी स्टार आणि पश्चिमेला पश्चिमी स्टार. घरात पश्चिमी स्टार असताना 'आजोबा ढाक्याला होते' असं कोणी सांगत असेल, तर पदकाचं ऐका. रक्षा मेडल (1965) आणि संग्राम मेडल (1971) मात्र त्या काळात सेवेत असलेल्यांना सरसकट मिळालं. त्यावरून आघाडी ठरवू नका.

शेवटचा तक्ता एका पानात बसवा. प्रत्येक ओळीत तारीख, त्या तारखेचं पूर्ण नाव, काय झालं (उभारणी, नामांतर, विलीनीकरण, रूपांतर, विसर्जन यांपैकी एकच शब्द) आणि पुरावा. पुरावा नसलेली ओळ पेन्सिलने लिहा. 'उभारणी' आणि 'नामांतर' यांची गल्लत झाली की एकाच बॅटरीच्या दोन होतात, म्हणून तारखेच्या शेजारी जुनं नाव बाणाने नव्या नावाला जोडा.

फलक छापण्याआधी दोन गोष्टी तपासा. सिंहमुद्रा छापू नका, 2005 च्या कायद्याने राजमुद्रेचा असा वापर चालत नाही. आणि युनिट आज जिवंत असेल तर ते सध्या कुठे आहे, कोणत्या तोफा आहेत, हे लिहू नका; तक्ता शेवटच्या ऑनर टायटलपाशी थांबवा.