तासगावचे बेदाणे घालून गाजराचं आग्रोदोल्चे

इटालियनमध्ये आग्रो म्हणजे आंबट, दोल्चे म्हणजे गोड. सिसिलीत या चवीच्या भाज्यांत बेदाणे बरेचदा पडतात, आणि सांगलीकरांना ते शोधायला लांब जायला नको.

चौघांसाठी अर्धा किलो गाजरं तिरकी, बोटभर जाड कापा आणि कापडानं कोरडी पुसा. 30 ग्रॅम बेदाणे कोमट पाण्यात 15 मिनिटं भिजवा. पसरट कढईत दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल तापवून गाजरं एकाच थरात मांडा. गर्दी झाली की पाणी सुटतं आणि भाजण्याऐवजी ती उकडतात. सहा-सात मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत फार हलवू नका. मग ठेचलेल्या दोन लसूण पाकळ्या, पाऊण चमचा मीठ, चार चमचे पाणी घाला. झाकून पाच मिनिटं.

सुरी सहज शिरली तरच पुढं जा. व्हिनेगर आधी पडलं तर आंबटपणामुळं गाजर लवकर मऊ होत नाही. आता तीन मोठे चमचे वाइन व्हिनेगर, दीड चमचा साखर, निथळलेले बेदाणे. मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं, रस गाजराला चिकटून चकाकेपर्यंत. पांढरं सिंथेटिक व्हिनेगर नकोच, नाकात झोंबतं.

वरून पुदिना. कोमट वाढा; दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं.