नव्या गाडीतली खडखड नेमकी कशी शोधावी

नवी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली की नेमकी तेव्हाच खडखड थांबते आणि ‘आवाज आढळला नाही’ असा शेरा घेऊन परतावे लागते.

१. दारांचे कप्पे, ग्लोव्हबॉक्स आणि डिकी रिकामी करावी, जॅक घट्ट बसवावा आणि मागच्या रिकाम्या सीटचे बेल्टही अडकवून टाकावेत, कारण त्यांचे बक्कल प्लॅस्टिकवर आपटून सैल पॅनेलसारखाच (गाडीच्या आतल्या प्लॅस्टिकच्या आवरणासारखाच) आवाज करते.

२. एसी व गाणी बंद ठेवून, नागपुरातल्या सांधे असलेल्या सिमेंट रस्त्यावरून गाडी एकसारख्या मंद वेगाने न्यावी. शेजारी बसलेल्याने (चालवणाऱ्याने मुळीच नव्हे) पॅनेल तळहाताने दाबत जावे आणि जिथे दाबल्यावर आवाज थांबेल तिथे कागदी चिकटपट्टी लावावी.

३. उन्हाने प्लॅस्टिक प्रसरण पावते, त्यामुळे सकाळची खडखड दुपारी नाहीशी होऊ शकते. म्हणून जागेबरोबर वेळही जॉबकार्डावर (सर्व्हिस सेंटरच्या तक्रार-नोंदीच्या कागदावर) लिहून घ्यावी.

तक्रार मिटेपर्यंत बाहेरच्या दुकानातून कॅमेरा किंवा फॉगलॅम्प बसवून घेऊ नयेत. वायर कापून जोडणी केलेली दिसली, तर त्या भागाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते.